डावा पंख झुकतो म्हणून पुश रॉडला हात लावू नका

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या शेडमध्ये दोघा भावांनी सहा वर्षं खपून दोन आसनी विमान जोडलं. ॲल्युमिनियमचं, वरच्या पंखाचं, पंखाला खालून स्ट्रट (आधाराचे दांडे), पुढे रोटॅक्स 912 इंजिन. नोंदणी झाली, परवानगी मिळाली, आणि एका मुरलेल्या वैमानिकाने तीन उड्डाणं करून तीन तक्रारी लिहून दिल्या. पहिली, डावा पंख जड आहे, स्टिक, म्हणजे वैमानिकाच्या हातातला दांडा, सतत उजवीकडे धरावी लागते. दुसरी, रडरच्या (शेपटीवरच्या उभ्या सुकाणूच्या) उजव्या पेडलवर पाय ठेवावाच लागतो. तिसरी, सकाळच्या उड्डाणात एलिव्हेटर (शेपटीवरची नाक वर-खाली करणारी फळी) सैल वाटतो, दुपारी वाटत नाही. आता या पोरांचा मला प्रश्न असा: डाव्या एलेरॉनचा (पंखाच्या मागच्या कडेची, विमान झुकवणारी हलती फळी) पुश रॉड, म्हणजे त्याला ढकलणारा दांडा, दोन आटे फिरवून लांब करू, की एलेरॉनला टॅब (मागच्या कडेची छोटी पट्टी) लावून वाकवू?

दोन्ही नको. निदान आज तरी नको. मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर होतो, निवृत्तीनंतर घरी बांधलेल्या विमानांना हात लावायला लागलो, आणि जड पंखाची तक्रार घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक जण हातात पान्हा घेऊनच येतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा तो प्रकार असतो.

पुश रॉडचं आधी सांगतो, कारण तिथे सगळ्यांचीच समजूत चुकते. दोन्ही एलेरॉन एकमेकांना जोडलेले आहेत. वैमानिकाने हात सोडला की हवा दोघांना ढकलते आणि दोन्ही बाजूंचा जोर जिथे सारखा होतो तिथे ते थांबतात. तुम्ही डावा रॉड लांब केलात तर डावा एलेरॉन जरासा खाली जाईल, हे जमिनीवर खरं. हवेत गेल्यावर तो फरक दोघांत वाटला जातो, दोन्ही एलेरॉन सारखेच थोडे खाली लोंबतात आणि स्टिक मधोमध राहत नाही. पंख जड तो जडच. पुढच्या उड्डाणाला तुम्ही आणखी एक आटा फिरवता आणि मग मूळ माप कुठे होतं हेही हरवून बसता. रॉडचं काम एकच: स्टिक मधे असताना दोन्ही एलेरॉन विमानाच्या बांधणीच्या नकाशातल्या जागी असणं. ते एकदा साधलं की त्याला पेंटचा ठिपका द्या आणि विसरा.

आता वैमानिकाला विचारा: उजवं पेडल चढताना लागतं की सरळ उड्डाणात? चढताना लागत असेल तर ती तक्रारच नाही. कॉकपिटमधून पाहिलं तर रोटॅक्सचा पंखा घड्याळाच्या दिशेने फिरतो, ताकद जास्त आणि वेग कमी असला की नाक डावीकडे ओढलं जातं, आणि उजवा पाय त्यासाठीच असतो. सरळ उड्डाणातही लागत असेल तर मात्र तुमच्या पहिल्या दोन तक्रारी बहुधा एकच आहेत. नाक डावीकडे वळलेलं राहिलं की वारा उजव्या अंगाने येतो, आणि पंखांना वरच्या बाजूला जो कोन दिलेला असतो त्यामुळे विमान वाऱ्यापासून दूर, म्हणजे डावीकडे झुकतं. वैमानिक म्हणतो पंख जड आहे. तो खोटं बोलत नाही, पण दुखणं शेपटीत आहे. पुढच्या उड्डाणात त्याने सरळ जाताना पेडलने बॉल (विमान तिरकं सरकतंय का ते दाखवणारी, समोरच्या यंत्रातली गोळी) काटेकोर मधे आणायचा, मग स्टिकवरचा हात सैल करायचा आणि पंख किती झुकतो ते सांगायचं. एवढ्यावर निम्मं झुकणं गेलं तर मला नवल वाटणार नाही.

त्याच उड्डाणात पेट्रोलही बघा. दोन टाक्यांत 10 लिटरचा फरक म्हणजे सात किलोच्या वर वजन, आणि टाकी मध्यरेषेपासून दीड मीटरवर असेल तर ते किरकोळ नाही. वैमानिक एकटाच डाव्या सीटवर बसला होता का? 75 किलोचा माणूस मध्यरेषेपासून 30 सेंटिमीटर डावीकडे बसला की त्याचा परिणाम त्या 10 लिटरच्या दुप्पट होतो. तेव्हा एकदा उजव्या सीटवर वाळूची पोती घट्ट बांधून उडवा. वजन आणि गुरुत्वमध्य कागदावर पुन्हा मांडूनच, अर्थात.

एवढं करूनही पंख जडच राहिला तर मोजमापाला बसायचं. इथे गडबड करायची नाही. पूर्ण एक दिवस ठेवा, आणि पहाटे सुरू करा, शेडच्या पत्र्यावर ऊन यायच्या आत.

विमान आधी सपाट करा, लांबीत आणि रुंदीत, नकाशात दिलेल्या खुणांवर. टायरवर सोडून नाही. टायरची हवा तासात बदलते. खाली टेकू द्या. पंख समान उंचीवर आहेत का हे बघायला लेसर लागत नाही, गवंड्याची पाण्याची नळी लागते. 12 मीटर पारदर्शक नळी, त्यात रंग घातलेलं पाणी, बुडबुडा राहू द्यायचा नाही. दोन्ही टोकांच्या खुणा 2 मिलिमीटरच्या आत जुळवता येतात. मग पंखांच्या टोकांवरून आणि शेपटीच्या मध्यावरून ओळंबे सोडा, फरशीवर पेन्सिलने फुल्या मारा, आणि शेपटीपासून दोन्ही टोकांची अंतरं टेपने मोजा. दोघांनी मोजा, आकडा मोठ्याने न बोलता आपापल्या कागदावर लिहा, मग ताडून बघा. एकाने "तीन हजार आठशे बारा" म्हटलं की दुसऱ्यालाही तेच दिसतं, हे मी इतक्यांदा पाहिलंय!

पंखाचा बसवलेला कोन हा खरा आरोपी असतो. पुढच्या स्पारपासून (स्पार म्हणजे पंखातली लांब तुळई) मागच्या स्पारपर्यंत सरळ पट्टी, त्यावर डिजिटल लेव्हल. मुळाशी, मध्यावर आणि टोकाला, दोन्ही बाजूंना. लेव्हल प्रत्येक ठिकाणी उलटी करूनही वाचा, म्हणजे तिचा स्वतःचा दोष कळतो. 1.3 मीटर रुंदीच्या पंखाला पाव अंशाचा फरक म्हणजे मागच्या कडेला साडेपाच-सहा मिलिमीटर. डोळ्याला दिसत नाही, हाताला मात्र तासभर जाणवतो. तुमच्या मागच्या स्ट्रटला आट्यांचा फोर्क असेल तर फरक तिथेच काढायचा, आणि नकाशातल्या मर्यादेतच. जड पंखाच्या टोकाचा कोन वाढवण्याचा मोह होईल. त्यापेक्षा हलक्या पंखाचा मागचा स्ट्रट अर्धा आटा लांब करून त्याच्या टोकाचा कोन कमी करा. टोकाचा कोन वाढला की कमी वेगात ते टोक आधी हवा सोडतं, म्हणजे त्याची उचल जाते, आणि उतरताना पंख पडण्यापेक्षा सरळ उड्डाणात स्टिक धरावी लागलेली परवडली. फोर्कचे पुरेसे आटे आत आहेत ना, हे प्रत्येक वेळी बघा.

फ्लॅपकडे, म्हणजे उतरताना खाली करतात त्या पंखाच्या फळीकडे, कुणी बघतच नाही. एका विमानाचा डावा पंख असाच जड होता. मालकाने एलेरॉनचा टॅब वाकवत वाकवत जवळजवळ काटकोनात नेला होता. मी गेलो तेव्हा फ्लॅप वर घेऊन मागून एका डोळ्याने रेषा पाहिली. उजवा फ्लॅप "वर" असतानाही मागच्या कडेला 4 मिलिमीटर खाली लोंबत होता. उजवा पंख जास्त उचलला जात होता, म्हणून डावा जड. फ्लॅपचा रॉड दीड आटा कमी केला, टॅब सरळ केला, संपलं. मालक दोन महिने एलेरॉनशी भांडत होता.

मग एलेरॉन. स्टिक लाकडी ठोकळ्यांनी मधे बांधा, बेलक्रँक (हालचालीची दिशा वळवणारा कोनी तुकडा) नकाशातल्या कोनात आणा, आणि शेवटी रॉड जुळवा. क्रम उलटा केला तर एलेरॉन मधे येतात, पण बेलक्रँक तिरका राहतो, आणि मग वर-खाली जाण्याचं प्रमाण बिघडतं. एलेरॉन वर जास्त आणि खाली कमी जातो तो त्या बेलक्रँकच्या कोनामुळेच. सेस्ना 172 ला वर 20 अंश आणि खाली 15 आहे. खाली जाणारा एलेरॉन जास्त ओढ निर्माण करतो आणि नाक उलट्या बाजूला खेचतो, म्हणून त्याला कमी जाऊ द्यायचं. तुमचे आकडे मात्र तुमच्याच नकाशातले. शेजाऱ्याच्या विमानाचे आकडे उसने घेऊ नका. 25 सेंटिमीटर रुंद एलेरॉनला एक अंश म्हणजे मागच्या कडेला साधारण 4.4 मिलिमीटर, हे लक्षात ठेवलं की पट्टीवरही ताळा करता येतो. प्लायवूडचा कोनमापक कापून पंखाच्या टोकाला क्लॅम्प करा, दरवेळी नव्याने मांडावा लागत नाही.

हालचाल मोजताना सीटवर माणूस बसवा, तोही जाड. रिकाम्या कॉकपिटात स्टिक पूर्ण फिरते आणि मांड्या आल्या की डावीकडचे चार अंश जातात. स्टिक मागे ओढून डावी-उजवी करा, पुढे ढकलून करा, फ्लॅप खाली करून पुन्हा करा. चारही कोपऱ्यांत काही घासतंय का, ते कान देऊन ऐका.

रॉड एंडची, म्हणजे रॉडच्या टोकाला आट्यांनी बसणाऱ्या गोळ्याच्या सांध्याची, एक गोष्ट. रॉडच्या बाजूला एक बारीक भोक असतं, त्याला साक्षीचं भोक म्हणतात. त्यात तार घालायची. आत आटा लागून तार अडली तर रॉड एंड पुरेसा आत आहे. आरपार गेली तर नाही. गेल्या पावसाळ्यात एका विमानाची तपासणी करताना मी सेफ्टी वायरचा दोन इंची तुकडा घेऊन एकेक भोक टोचत चाललो होतो. पाच अडले. सहावा, डाव्या एलेरॉनचा, सरळ पलीकडे निघाला. लॉक नट घट्ट, त्यावर लाल पेंटचा ठिपकासुद्धा! उघडून मोजलं तर जेमतेम अडीच आटे धरून होते. कुणीतरी जड पंखासाठी रॉड "थोडा" लांब केला होता. तुम्ही विचारलेले दोन आटे मला का खुपले ते कळलं असेल. आणि रॉड एंडच्या बाहेरच्या अंगाला मोठा वॉशर असू द्या. आतला गोळा निसटला तरी रॉड बोल्टवरून सुटत नाही.

बोल्टवरून आठवलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हवा तो भाग करून मिळतो, माझे वडील तिथेच लेथवर उभे राहिले, त्या हातांबद्दल मला काडीचीही शंका नाही. तिथल्या एका दुकानदाराने मला विचारलं, "तुमचा तो एएन बोल्ट आणि आमचा 12.9 चा, आमचा भारी नव्हं का?" एएन म्हणजे विमानासाठीचा प्रमाणित बोल्ट, 12.9 म्हणजे कारखान्यातला जादा ताकदीचा. भारी आहे, ताकदीने. पण कंट्रोलमधला बोल्ट जास्त ताण आला तर आधी वाकला पाहिजे, तडकन तुटता कामा नये. शिवाय एएन बोल्टचा आटे नसलेला भाग जाडीप्रमाणे निवडता येतो, म्हणजे भोकात आटे येत नाहीत. जिथे सांधा फिरतो तिथे खाचांचा नट आणि कॉटर पिन. नायलॉनचा नट फिरत्या सांध्यावर कधीच नाही.

आता सकाळचा सैल एलिव्हेटर. यात बिघाड नसण्याचीच शक्यता जास्त. तुमचं धड ॲल्युमिनियमचं, केबल स्टीलची, आणि उष्णतेने ॲल्युमिनियम स्टीलच्या दुप्पट प्रसरण पावतं. 4 मीटर लांबीला 20 अंशांचा फरक पडला तर दोघांत जवळजवळ एक मिलिमीटरचं अंतर येतं. डिसेंबरातल्या पहाटे धड आकसतं आणि केबल सैल पडते. दुपारी पत्र्याखाली तीच सतारीसारखी ताणते. केबलचा ताण कोणत्या तापमानाला किती, हे नकाशात दिलेलं असतं. सेस्ना 172 च्या एलेरॉन केबलला 40 पौंड, दहा इकडे-तिकडे. हा आकडा बोटाने दाबून कळत नाही. टेन्सिओमीटर लागतो, आणि तो फ्लाइंग क्लबकडून किंवा ओळखीच्या इंजिनिअरकडून दिवसभरासाठी मागून आणता येतो. केबलच्या जाडीप्रमाणे त्यातला ठोकळा बदलायचा असतो, ते विसरू नका. विमान रात्रभर शेडमध्ये उभं असू द्या, सगळं एका तापमानाला आलं की मोजा. घट्ट करून प्रश्न मिटवू नका: जादा ताणाने पुलीचे बेअरिंग आणि स्टिकचा हलकेपणा दोन्ही जातात, आणि एलिव्हेटर मधे आपोआप परत येईनासा होतो. हात सोडला तरी तो सोडलेल्या जागी थांबत असेल तर आधी घर्षण शोधा.

टर्नबकल (केबलचा ताण जुळवणारी आट्यांची नळी) फिरवल्यावर नळीच्या बाहेर तीनपेक्षा जास्त आटे दिसता कामा नयेत, दोन्ही बाजूंना. मग ते आपोआप फिरू नये म्हणून सेफ्टी वायर. जुन्या मलमलच्या फडक्याने केबल पूर्ण लांबीत पुसून काढा. तुटलेली तार फडक्याचा धागा ओढते आणि तुम्हाला जागा सांगते. उघड्या बोटाने पुसू नका, मी पुसलंय.

टर्नबकलला हात लागला की दोन्ही दिशांची पूर्ण हालचाल पुन्हा मोजायची, याला पर्याय नाही. 8 जानेवारी 2003 ला अमेरिकेत शार्लटला बीचक्राफ्ट 1900 विमान उडताच कोसळलं, 21 जण गेले. दोन दिवस आधी एलिव्हेटरच्या केबल जुळवल्या होत्या आणि त्यात नाक खाली नेण्याची जवळजवळ निम्मी हालचाल हरवली होती. विमानात वजनही जास्त, तेही मागे. जुळवणीनंतरच्या सगळ्या तपासण्या केल्या असत्या तर ती चूक जमिनीवरच सापडली असती.

आणि उलट्या केबल. हसू नका. 1947 साली इंग्लंडमध्ये ॲव्हरो ट्यूडर विमान एलेरॉनच्या केबल उलट्या लागल्यामुळे पडलं. त्यात लँकेस्टर बॉम्बरचे रचनाकार रॉय चॅडविक स्वतः होते. 2018 च्या नोव्हेंबरात पोर्तुगालमध्ये दुरुस्ती करून निघालेलं एम्ब्रेअर 190 त्याच चुकीने हवेत बेभान झालं. वैमानिकांनी ते कसंबसं उतरवलं. तेव्हा प्रत्येक कामानंतर स्टिक मुठीत धरायची, अंगठा वर. स्टिक डावीकडे नेली की अंगठा ज्या बाजूला झुकतो त्या बाजूचा एलेरॉन वर गेला पाहिजे. तपासणारा तुमच्यातला नको. भावाचं काम भावाने तपासलं तर दोघांचीही चूक एकच निघते. लायसन्स असलेला इंजिनिअर आणा, त्याला काय केलंय ते न सांगता बघू द्या, आणि सही घ्या.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण फोटोत दिसली. रडर आणि एलेरॉनवर नवे भगवे पट्टे आहेत. ते पहिल्या उड्डाणाआधीचे की नंतरचे? बिजागरीच्या मागे टाकलेला रंग, लांबी (पुट्टी), स्टिकर, सगळं एलेरॉनचा तोल मागे नेतं, आणि तोल मागे गेलेला एलेरॉन एका ठरावीक वेगाला फडफडू लागतो. त्याला फ्लटर म्हणतात. तो हळूहळू येत नाही. दोन-चार सेकंदांत बिजागऱ्या उखडतात. त्यात रॉड एंडमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर आणखी लवकर. रंगानंतर एलेरॉन काढून त्याच्याच बिजागऱ्यांवर, दोन धारदार पट्ट्यांवर टांगायचा आणि पुढची कड नकाशात सांगितली तशी खाली जाते का ते बघायचं. एकदा रंगवलेला एलिव्हेटर मी असा टांगला तर मागची कड सावकाश, आळस दिल्यासारखी खाली गेली. पुढे 90 ग्रॅम शिसं वाढवावं लागलं. वजन करायला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो. पट्टे नंतरचे असतील तर हे होईपर्यंत विमान उडवायचं नाही.

सगळं झाल्यावरही उजवं पेडल थोडं लागत राहिलं तर टॅब. आधी तात्पुरता: हलक्या लाकडाची, पाचरीच्या आकाराची 20 सेंटिमीटर लांब पट्टी रडरच्या मागच्या कडेला, डाव्या अंगाला, चांगल्या टेपने चिकटवा. टॅब डावीकडे वळला की रडर उजवीकडे जातो, नेहमी उलटं. उडवा, जास्त झालं तर पट्टी दोन-दोन सेंटिमीटर कापत जा. बॉल मधे आला की तेवढाच ॲल्युमिनियमचा टॅब रिव्हेट करा आणि त्याचं वजन धरून रडरचा तोल पुन्हा बघा. एलेरॉनच्या टॅबची पाळी त्यानंतर, आणि माझा अंदाज आहे की येणारच नाही.

रविवारी सकाळी सहाला मी येतो. पाण्याची नळी आणि ओळंबे माझ्याकडे आहेत. टेन्सिओमीटर आणि पाच-सहा मजबूत टेकू तुम्ही जमवा. तोवर एकाही टर्नबकलची सेफ्टी वायर कापू नका, आणि आत्ता आहे त्या प्रत्येक रॉडचे बाहेर दिसणारे आटे मोजून वहीत लिहून ठेवा.